आध्यात्मिक जीवनातील ऋतू : पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या प्रकाशात

मंडळीची सेवा करणाऱ्या प्रत्येक पाळकाला व उपदेशकाला केव्हा ना केव्हा एक प्रश्न ऐकावा लागतो. एखादा बंधू वा भगिनी उपासनेनंतर मागे थांबते आणि संकोचाने विचारते, "बाप्तिस्म्याच्या वेळी जो आनंद मला वाटत होता तो आता वाटत नाही. प्रार्थनेला बसते, पण शब्द सुचत नाहीत. माझा विश्वास नाहीसा झाला काय?" या प्रश्नाला आपल्याजवळ ठरलेली उत्तरे असतात. प्रार्थना वाढवा, गुप्त पाप असेल तर ते कबूल करा, असे आपण सांगतो. काही प्रसंगी ही उत्तरे योग्यही असतात. परंतु पुष्कळदा ती रोगाची परीक्षा न करता दिलेल्या औषधासारखी ठरतात. कारण विचारणारी व्यक्ती आजारी नसते. तिच्या जीवनातील ऋतू बदललेला असतो.

उपदेशकाच्या पुस्तकाचा कर्ता प्रत्येक कार्याला त्याचा समय आहे असे सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभूने आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दृष्टान्त दिला आहे. त्यातील शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. बी कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. प्रथम अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा, हा क्रम त्याला बदलता येत नाही. हे वचन आपण अनेकदा समजावून सांगितले आहे. तथापि प्रत्यक्ष माणसाच्या बाबतीत ते लागू करताना आपण अंकुराजवळ दाणा मागतो. ही चूक किती सहज घडते आणि तिच्यामुळे काय गमावण्याची वेळ येते, हे पाहण्यासाठी पंडिता रमाबाईंच्या चरित्राइतके उपयोगी उदाहरण आपल्या भाषेच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्यांनी १९०७ साली आपली साक्ष लिहून प्रसिद्ध केली, आणि त्यांचा इंग्लंडमधील पत्रव्यवहार १९७७ साली मुंबईत ग्रंथरूपाने छापला गेला. त्यामुळे या जीवनातील ऋतू बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी पाहता येतात.

१. नांगरटीचा काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि पुढे त्या मातेने आपल्या मुलीस. कुटुंबाची तीर्थयात्रा वर्षानुवर्षे चालली. पुराणे सांगून जे मिळेल त्यावर निर्वाह होत असे. दुष्काळ पडला तेव्हा तोही आधार तुटला. सोळा वर्षांच्या सुमारास रमाबाईंना आई, वडील व थोरली बहीण यांचे मृत्यू पाहावे लागले. उरलेले भाऊबहीण पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने तेही गेले. तेविसाव्या वर्षी त्यांच्यापाशी एक तान्ही मुलगी मनोरमा आणि पतीच्या ग्रंथसंग्रहात सापडलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान वाचल्याची आठवण, एवढेच उरले.

या काळाला आध्यात्मिक काळ म्हणावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. नांगरलेल्या शेतात पीक दिसत नाही. उन्हात तापलेली ढेकळे दिसतात. पण पुढे जे उगवले त्याची मुळे याच भूमीत होती. दुष्काळात उपाशी फिरणाऱ्या मुलीची स्मृती पंचवीस वर्षांनी काय करून गेली, हे आपण पुढे पाहणार आहोत.

२. बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा कोरडेपणा

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने रमाबाई इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. फुलहॅम येथे भगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांच्या उद्धाराचे कार्य त्यांनी पाहिले, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा तेथे त्यांच्या मनाला भिडली. स्त्रीला अशी वागणूक देणारा तारणारा त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. काशीचे विद्वान ब्राह्मण असून ख्रिस्ती झालेले फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने त्यांच्या बुद्धीचे समाधान झाले. सोबत आलेल्या मैत्रिणीच्या दुर्दैवी मृत्यूचा आघात ताजा असतानाच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्रकार सामान्यतः प्रकरण संपवितो. पुढचा काळ बाह्यतः वैभवाचा आहे. चेल्टनहॅम येथे अध्ययन व अध्यापन, १८८६ मध्ये अमेरिकेस प्रयाण, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ, बॉस्टन येथे साहाय्यक संघाची स्थापना, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाचा आरंभ. परंतु साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अजून सापडला नव्हता. मतांगीकार, मंडळीतील प्रवेश व संस्कार यांवर त्या विसंबून राहिल्या होत्या. यात इतर कोणाचा दोष होता असे त्या म्हणत नाहीत.

या विधानाजवळ आपण थोडे थांबले पाहिजे. ही आठ वर्षे आळसाची नव्हती. कदाचित त्यांच्या आयुष्यातील सर्वांत यशस्वी वर्षे होती. यावरून असे दिसते की कार्याची भरभराट हे अंतरीच्या ऋतूचे खात्रीचे चिन्ह नव्हे. सभा भरतात, अहवाल लिहिले जातात, वर्गणी जमते, आणि हे सर्व करणारा सेवक आतून तहानलेला असू शकतो. ही गोष्ट मंडळीतील सामान्य सभासदापेक्षा आपल्यासारख्यांनाच अधिक लागू पडते.

३. सिस्टर जेराल्डीन यांची पत्रे

या आठ वर्षांपैकी पहिल्या काही वर्षांचा आतील इतिहास पत्रव्यवहारात आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण पत्रांतून वादही तितकाच आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, मंडळीचा अधिकार यांविषयी रमाबाई एकामागून एक प्रश्न विचारतात. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत असा त्यांचा आग्रह होता. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. एका पंथाच्या चौकटीत आपला विवेक बांधून द्यावयास त्या तयार नव्हत्या. सिस्टर जेराल्डीन यांना या सर्वांत गर्व दिसला. शिष्येने नम्रपणे शिकावे, प्रश्न करू नयेत, अशी त्यांची अपेक्षा होती.

सिस्टर जेराल्डीन यांना आज दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. त्यांचे प्रेम खरे होते, आणि ती पत्रे जपून एकत्रित करण्याचे श्रेयही त्यांचेच आहे. त्यांची चूक आपल्या सर्वांची चूक आहे. पाऊस पडल्याबरोबर आपल्याकडचा शेतकरी पेरणीला धावत नाही. चिखलात टाकलेले बी कुजते. पाणी मुरून माती भुसभुशीत होईपर्यंत, म्हणजे वापसा येईपर्यंत, तो थांबतो. रमाबाईंवर थोड्या महिन्यांत शिकवणीचा मोठा पाऊस झाला होता. ती शिकवण मुरावयास अवधी हवा होता, आणि त्यांचे प्रश्न हे त्या मुरण्याचेच लक्षण होते. त्या वेळी उत्तरापेक्षा सोबतीची गरज अधिक होती. रमाबाईंनी हा संबंध तोडला नाही, हे त्यांचे मोठेपण. परंतु असे प्रश्न विचारणारे किती तरुण आपल्या मंडळ्यांतून निमूटपणे निघून गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वापसा आला तो अनपेक्षित मार्गाने. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त रमाबाईंच्या वाचनात आले. कॉर्नवॉलमध्ये अनेक वर्षे सेवा केल्यावर, १८५१ साली व्यासपीठावर उभे राहून उपदेश करीत असतानाच हॅस्लम यांचे स्वतःचे परिवर्तन झाले होते. दुसऱ्यांना उपदेश करणारालाही कृपेची तितकीच गरज असते हे त्या कथेत रमाबाईंनी वाचले, आणि स्वतःच्या स्थितीचा विचार करून त्या पुन्हा पवित्र शास्त्राकडे वळल्या. तारण कमवावयाचे नसून विश्वासाने स्वीकारावयाचे आहे ही गोष्ट त्यांना पूर्वी माहीत होती. आता ती त्यांची झाली. जुना बाप्तिस्मा खोटा ठरला नाही. आठ वर्षांपूर्वी पेरलेले आता उगवले.

४. वादळ, पीक आणि भरती

उगवण होताच सुगी आली, असेही घडले नाही. १८९० मध्ये शारदा सदन पुण्यास हलविले होते. रमाबाई आपली खासगी प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून वादळ उठले. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या वर्षांत त्यांचा विश्वास सर्वांत जिवंत होता त्याच वर्षांत त्यांचे कार्य मोडकळीस आलेले दिसले. आधीच्या आठ वर्षांची ही बरोबर उलट स्थिती होय.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींच्या त्या रांगांत त्यांना गंगामूळच्या शास्त्रीबुवांची मुलगी दिसली असल्यास नवल नाही. आपल्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी याच सुमारास लिहिल्या. शेकडो मुलींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, म्हणून केडगाव येथील जमिनीवर वसती झाली आणि तिचे 'मुक्ती' हे नाव रूढ झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या हजारांवर गेली. पहिल्या ऋतूतील नांगरट या ऋतूत फळास आली.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी जागृतीसाठी विशेष प्रार्थना सुरू केली. प्रारंभी सुमारे सत्तर जणी जमत. जूनपर्यंत संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. जूनच्या अखेरीस, नेहमीच्या शांत पद्धतीने रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत असता, मुली रडून, मोठ्याने प्रार्थना करून आपली पापे कबूल करू लागल्या. ही जागृती पुढे कित्येक महिने चालली, आणि मुलींच्या टोळ्या गावोगाव सुवार्ता सांगू लागल्या.

५. अखेरचा हंगाम

आपण बहुधा १९०५ वर थांबतो. परंतु रमाबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या, आणि त्या सतरा वर्षांत भरतीचा तो प्रसंग पुन्हा आणण्याचा अट्टाहास त्यांनी केला नाही. या काळातील त्यांचे मुख्य काम शांत व एकाकी होते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. संस्कृतात सहज कविता रचणाऱ्या या पंडितेने मुद्दाम साधे शब्द निवडले, कारण खेड्यातील अल्पशिक्षित बाईला ते कळावे अशी त्यांची इच्छा होती. खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियाच करीत. ऐकू येणे कमी होत गेले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचा मृत्यू झाला. मुक्तीचे कार्य जिच्या हाती द्यावयाचे तीच आधी गेली. तरीही रमाबाईंनी काम सोडले नाही. भाषांतर पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ १९२४ साली छापून झाला.

केडगावच्या परिसरात रब्बीची ज्वारी पावसाळा सरल्यावर वाढते. वर ढग नसतो. मुळांना जमिनीत पूर्वी मुरलेली ओल पुरते. रमाबाईंचा अखेरचा हंगाम असाच होता. त्या ऋतूत अश्रू व उच्च स्वर नव्हते, म्हणून तेथे आत्मा नव्हता असे कोण म्हणेल?

६. आपल्यासाठी बोध

या चरित्रावरून सेवकांनी तीन गोष्टी मनात ठेवाव्यात. पहिली, ऋतूची पारख भावनेच्या तीव्रतेवरून अगर कार्याच्या विस्तारावरून करू नये. १८८७ चे यश व १८९३ चे अपयश ही दोन्ही चिन्हे फसवी होती. खरी पारख एवढीच की, या काळात ही व्यक्ती देवाच्या वचनाकडे तोंड करून आहे की पाठ करून. प्रश्न विचारणाऱ्या रमाबाईंचे तोंड वचनाकडेच होते.

दुसरी, प्रत्येक ऋतूला त्याचे काम असते. शोकाच्या काळात आठवण जपणे, संशयाच्या काळात प्रामाणिकपणे विचारणे, भरतीच्या काळात पापकबुली व सुवार्ता, आणि उतारवयात रोजचे ठरलेले काम निष्ठेने करणे. एका ऋतूचे काम दुसऱ्या ऋतूत मागू नये, स्वतःकडूनही नाही.

तिसरी, कोरडा काळ आणि पतन यांत भेद आहे. पाप असेल तेथे पश्चात्तापाचा उपदेश केलाच पाहिजे. ऋतूच्या नावाखाली निष्काळजीपणाला आसरा देता येणार नाही. पण जो मनुष्य आपल्या कोरडेपणाविषयी दुःखी होऊन आपल्याकडे आला आहे, त्याचे दुःखच त्याच्या विश्वासाची साक्ष देत असते.

तेव्हा पुढच्या वेळी उपासनेनंतर कोणी मागे थांबले, तर उत्तर देण्याची घाई न करता त्याच्याजवळ बसावे. त्याचा बाप्तिस्मा केव्हा झाला, त्यानंतर घरात काय काय घडले, आज तो काय वाचतो, हे विचारावे. अंकुर उपटून त्याचे मूळ पाहण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. पेरणारा प्रभू आहे, आणि कापणीचा काळही त्याच्याच हाती आहे.