वैयक्तिक दिवाळखोरीचा अर्ज : केव्हा करावा, केव्हा टाळावा

कर्ज बुडवणाऱ्या कंपन्यांसाठी 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मात्र दुकान बसलेला व्यापारी, नोकरी गेलेला पगारदार किंवा आजारपणाच्या खर्चाने कर्जबाजारी झालेला गृहस्थ यांना ती संहिता सहसा उपयोगी पडत नाही. संहितेचा व्यक्तींविषयीचा तिसरा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला, तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. इतरांसाठी इंग्रजी अमदानीतले दोन कायदे कायम आहेत. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी 1909 चा कायदा असून अर्ज तेथील उच्च न्यायालयात होतो. अन्यत्र 1920 चा प्रांतिक नादारी कायदा असून अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो.

मूळ 1920 च्या कायद्यानुसार कर्जदार आपली देणी फेडण्यास असमर्थ असावा आणि देणी किमान 500 रुपयांची असावीत. किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी त्याला अटक झालेली असावी अथवा त्याच्या मालमत्तेवर जप्ती आलेली असावी. शंभर वर्षांपूर्वी 500 रुपये ही मोठी रक्कम होती, आज त्यात आठवड्याचा बाजारही जेमतेम होतो. त्यामुळे ‘अर्ज करता येईल का’ या प्रश्नाला बहुधा होकारार्थी उत्तर मिळते. खरा प्रश्न अर्ज करण्यात हित आहे का, हा आहे.

न्यायालयाने नादार घोषित केल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या प्रापकाच्या ताब्यात जाते. यानंतर धनकोला न्यायालयाच्या परवानगीशिवाय कर्जदाराविरुद्ध स्वतंत्र दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. अनेक सावकार, पतसंस्था व बँका एकाच वेळी मागे लागल्या असतील तर हा मोठाच दिलासा होय. घरातील आवश्यक कपडे, भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि मंगळसूत्रासारखे धार्मिक रूढीने स्त्रीने अंगावरून न काढावयाचे दागिने यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 खाली जप्तीतून सूट असते; ती येथेही मिळते. स्वतःच्या राहत्या घराला मात्र, कर्जदार शेतकरी, मजूर किंवा घरगडी नसल्यास, अशी सूट नाही. पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो तो येथेच.

गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा तारणावरील हक्क नादारीच्या आदेशाने जात नाही. शासकीय देणी, फसवणुकीने केलेली कर्जे आणि पोटगी यांतून मुक्तीचा आदेशही सुटका देत नाही. धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असल्याने तो चालूच राहतो. जामीनदारही मोकळा होत नाही. मेहुण्याने किंवा मित्राने सही केली असेल तर सारा बोजा त्याच्यावर येतो. म्हणून ज्याची बहुतेक देणी याच प्रकारांत मोडतात, त्याने अर्जाच्या वाटेला न जाणे श्रेयस्कर.

वेळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. संकट दिसू लागताच घर पत्नीच्या किंवा भावाच्या नावे करण्याचा सल्ला नातलग हमखास देतात. पण योग्य मोबदल्याविना केलेले हस्तांतर दोन वर्षांच्या आत नादारी घोषित झाल्यास रद्द होऊ शकते. एखाद्या धनकोला झुकते माप देण्यासाठी अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेली परतफेडही तशीच. दुसरीकडे, परिस्थिती हाताबाहेर गेल्याचे कळूनही धंदा रेटत राहणे, सट्टा किंवा उधळपट्टी या गोष्टी पुढे मुक्ती मागताना आड येतात. मालमत्ता असुरक्षित देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल, तर आपला त्यात दोष नव्हता हे कर्जदाराला पटवून द्यावे लागते. ‘आठ आणे’ हा शब्द कायद्यात अजून तसाच आहे. उशीर करणाऱ्याचे नुकसान असे दुहेरी होते.

मुक्ती आपोआप मिळत नाही. न्यायालयाने ठरवलेल्या मुदतीत त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, अन्यथा नादारीचा आदेशच रद्द होतो. मुक्तीपूर्वी वारसाहक्काने काही मिळाले तर तेही धनकोंचे. आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपयांची उधारी केली तरी गुन्हा ठरतो. मुक्ती न मिळालेल्या नादाराला संसद व विधिमंडळाचे सदस्यत्व आणि कंपनीचे संचालकपद वर्ज्य आहे.

अनेकजण अर्जाचा विचार करतात तो तुरुंगाच्या धास्तीने. ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. प्रामाणिकपणे पैसे नसलेल्या माणसाला केवळ कर्ज फेडले नाही म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केले आहे. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक होत नाही. पोटगीखेरीज इतर देण्यांसाठी पगारातील पहिले 1000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात; म्हणजे 31 हजारांच्या पगारातून फार तर 10 हजार जप्त होतात. ज्याच्यापाशी पगाराखेरीज काहीच नाही आणि धनको एखाद-दुसराच आहे, त्याला बँकेशी एकरकमी तडजोड किंवा लोकअदालत अधिक सोयीची पडते. महाराष्ट्रात सावकाराकडे परवाना आहे का, हेही आधी पाहावे; 2014 च्या सावकारी कायद्यानुसार बिगरपरवाना सावकाराला न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामा मिळू शकत नाही.

अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता, रक्कम आणि स्वतःच्या सर्व मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. वकिलाकडे जाण्यापूर्वीच ही यादी कागदावर उतरवली तर निम्मा निर्णय तिथेच होतो. एकदा दाखल केलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.