तळटीप : भरवेलीची खाण

७. मूळ पाठात ‘जबलपुराकडील मँगनीजची खाण’ असा जो मोघम निर्देश आहे, तो जबलपूर विभागातील बालाघाटनजीकच्या भरवेलीस उद्देशून असावा. १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटपासून भरवेलीसह मध्यप्रांतातील मँगनीजचे बहुतेक मोठे मक्ते परकीय कंपनीच्याच स्वाधीन राहिले. १९६२ साली या मक्त्यांत भारत सरकारची भागीदारी आली आणि १९७७ साली ते चालवणारी नागपूरस्थित ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ पूर्णतः सरकारी झाली. पोलादाच्या कारखान्यांस अपरिहार्य असे हे खनिज समुद्रपार धाडण्याच्या निकडीतूनच १९३३ साली विशाखापट्टणचे बंदर उभे राहिले, हे मध्यप्रांताच्या इतिहासकारांनी विसरू नये.

पृष्ठभागावरील साठा सरत गेला तशी भरवेलीची खाण खोल उतरली, आणि आज तिची गणना आशियातील सर्वांत खोल मँगनीज-खाणींत होते. खनिज काढल्यावर मागे उरणारी पोकळी मोकळी सोडल्यास वरील खडक ढासळेल, म्हणून वाळू पाण्यासह नळांतून खाली सोडून ती भरतात, पाणी उपसून पुन्हा वर आणतात, आणि त्याच भरावावर उभे राहून कामगार माथ्यावरचा पुढील थर सुरुंगाने फोडतात. अशा रीतीने संपलेली खाण पुढल्या खाणीची जमीन होते. ही युक्ती मला फार थोर वाटते. बालाघाटवरून जाणारा जबलपूर-गोंदिया छोटा लोहमार्ग आता रुंद झाला आहे, परंतु भरवेलीचे काम पूर्वीसारखेच चालू आहे. मूळ लेखकाने मक्तेदारांची नावे दिली, पण भूमिगत मजुरांचा उल्लेखही केला नाही. ही उणीव गंभीर आहे.