डाखाची विद्या

इतिहासकार बहुधा राजवाड्यांच्या व रणांगणांच्या वाटेनें जातो. तांबट-कासारांच्या आळीकडे त्याचें पाऊल क्वचितच वळतें. दोन धातूंना वितळलेल्या तिसऱ्या धातूनें सांधणारी डाखाची विद्या ही अशीच उपेक्षित राहिली आहे. वास्तविक ती फार जुनी. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांतच, दोन भाग शिसें व एक भाग कथील यांच्या मिश्रणानें नळ सांधीत असत, असें नमूद करून ठेविलें आहे. आपल्या मुंबईंत तर पायधुणीजवळच्या एका भागाचें नांवच तांबाकांटा. आज ज्याला रेडिओ दुरुस्त करणारा ‘सोल्डर’ म्हणतो, तो या डाखाचाच वंशज होय.

या विद्येचीं दोन्ही मूलतत्त्वें गिरगांवांतील चाळींच्या अंगणांत पूर्वीं उघड्यावर दिसत असत. कल्हईवाला भाता चालवून भांडें तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्यानें तें कथील भांडेंभर फिरवी. पाहणाऱ्या मुलांस धूर व चकाकी एवढेंच दिसे; पण नवसागर धातूवरील मळ व गंज काढी, आणि भाता भांड्यास बेताची उष्णता पुरवी. धातु स्वच्छ नसेल तर कथील धरत नाहीं. उष्णता कमी पडली तर तें गोळा होऊन बसतें, आणि अधिक झाली तर जळून पिवळें पडतें. निर्मळ पृष्ठभाग आणि नेमका ताव, या दोन सूत्रांत सारें शास्त्र आलें.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. नभोवाणीचें युग आलें, तसा तांबटाचा डाख सुशिक्षितांच्या मेजावर येऊन बसला. नवसागर तारा खातो, म्हणून येथें त्याची जागा राळेनें घेतली. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें, कथील २३२ अंशांस. पण ६३ भाग कथील व ३७ भाग शिसें एकत्र केलें, तर तें मिश्रण १८३ अंशांसच पाणी होतें. मग सोल्डरिंगचें टोक ३२० ते ३५० अंशांवर कां ठेवावें, असा प्रश्न नवशिका हटकून विचारतो. उत्तर असें, कीं टोकाची उष्णता तारेंत व पाटीवरील तांब्यांत दोन-तीन सेकंदांत उतरली पाहिजे. सांधा जाड असेल तर उष्णमान चढविण्यापेक्षां रुंद टोक घ्यावें. नुसता आंकडा वाढविला कीं राळ जळते, तांब्याचा पातळ पत्रा पाटीवरून सुटतो आणि टोकहि काळें पडतें. युरोपीय संघानें १ जुलै २००६ पासून अशा उपकरणांतील शिशावर निर्बंध घातला. भारतांत असा निर्बंध १ मे २०१४ पासून अमलांत आला. शिशाविना केलेला डाख सुमारें २१७ ते २२० अंशांस वितळतो; त्यामुळें टोकहि ३५० ते ३८० अंशांपर्यंत न्यावें लागतें, आणि तें लवकर झिजतें.

या टोकाची निगा म्हणजे दुसरीच एक कल्हई आहे. जुनें टोक निव्वळ तांब्याचें असे. वितळलेलें कथील तांबें विरघळवितें. त्यामुळें टोकाला खळगे पडत आणि कारागीर तें कानशीनें घासून पुन्हां नीट करी. आतांच्या टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्याला कानस लावणें म्हणजे त्याचा जीव घेणें. तें ओलसर स्पंजावर किंवा पितळेच्या कातरणावर पुसावें, खालीं ठेवतांना त्यावर ताजा डाख चढवावा, आणि काम नसतांना आंच कमी करावी. उघडें तापलेलें टोक प्राणवायूनें काळवंडतें, आणि काळवंडलेल्या टोकावर डाख ठरत नाहीं.

ही विद्या क्षुद्र वाटत असेल, तर १९४२ चें गिरगांव आठवावें. युद्ध सुरू होतांच हौशी नभोवाणीकारांचे परवाने सरकारनें रद्द केले होते. अशा स्थितींत ऑगस्टमध्यें काँग्रेसची गुप्त नभोवाणी बोलूं लागली. उषा मेहतांचा आवाज सर्वांस ठाऊक आहे. पण त्या आवाजास वाट देणारें यंत्र नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञानें जुळविलें होतें. पोलिसांस हुलकावणी देण्यासाठीं त्याचें ठाणें चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड असें हलत राहिलें. अशा यंत्रांत हातानें दिलेला प्रत्येक सांधा या धक्क्यांस उतरावा लागतो. उष्णता अपुरी पडून झालेला सांधा वरून धड दिसतो, आंतून मात्र तार सुटी असते, आणि एका हादऱ्यानें यंत्र मुकें होतें. हें यंत्र तसें मुकें झालें नाहीं. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्रीं गिरगांवांतील पारेखवाडींत छापा पडला, तेव्हांहि ध्वनिक्षेपण चालूं होतें. पोलिसांना वाट दाखविणारा मात्र यंत्र जुळविणारा प्रिंटरच होता. उषा मेहतांस चार वर्षांची शिक्षा झाली.

या विश्वासघातामुळें कारागिराचें नांव झांकावें असें कोणास वाटेल. पण इतिहासानें त्याचा दोष आणि त्याचें कसब, दोन्ही नोंदविलीं पाहिजेत. व्याख्यान देणारे आपल्या समाजांत पुष्कळ असतात. ऐन वेळीं तें दूरवर पोंचविणारा हात मिळणें दुर्मिळ, कारण तसा हात घडविण्याकडे आपण सुशिक्षितांनीं लक्षच दिलेलें नाहीं. लॅमिंग्टन रोडवर आज उष्णमान राखणारें सोल्डरिंगचें साधन कोणाहि विद्यार्थ्यास मिळतें. तें मुलांच्या हातीं द्यावें. खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावे, एवढा नियम घालावा. घरांतील बंद पडलेलें एखादें यंत्र त्यांनीं स्वतः बोलतें केलें, तर टाकून देण्यापूर्वीं सांधून पाहण्याची संवय लागेल. ती संवय तांबाकांट्याच्या तांबटांस होती. आपल्यालाहि ती फार परकी नसावी.