उरलेल्या सेकंदांतून दिसलेली पृथ्वी

12 जून 1897 रोजी आसामच्या भूकंपाने शिलाँग शहर जमीनदोस्त केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा सविस्तर अहवाल लिहिला. पडझडीच्या नोंदींबरोबरच त्यांनी दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघाही तपासल्या. एकाच धक्क्याच्या तीन प्रकारच्या लहरी तिथे वेगवेगळ्या वेळी पोचल्या होत्या. पुढे 1906 मध्ये अशाच वेळांच्या आधारे त्यांनी पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले. भूकंपलहरींनी जमिनीखालचे चित्र काढणाऱ्या टोमोग्राफीचे कूळ या हिशेबात आहे.

1940 मध्ये हॅरोल्ड जेफ्रीज आणि कीथ बुलेन यांनी लहर किती अंतरावर किती वेळात पोचेल याची कोष्टके छापली. त्यांतली पृथ्वी ठरावीक खोलीला सगळीकडे सारखीच होती. खरी लहर मात्र कुठे सेकंदभर लवकर येई, कुठे उशिरा.

या उरलेल्या सेकंदांतच माहिती दडली आहे, हे भूकंपशास्त्रज्ञ केइती आकी यांनी ओळखले. नॉर्वेतले नोरसार हे यंत्रांचे जाळे उभारले होते भूमिगत अणुचाचण्या टिपण्यासाठी. त्याच्या नोंदी घेऊन आकी, क्रिस्टोफरसन आणि हुसेबी यांनी जाळ्याखालच्या खडकांचे कल्पित ठोकळे पाडले आणि प्रत्येक ठोकळ्यातून लहर किती वेगाने गेली असेल, ते समीकरणांतून काढले. 1977 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अॅडम झिवॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीच्या खालच्या प्रावरणावर, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जाड थरावर, असाच प्रयोग केला.

रुग्णालयातल्या सीटी स्कॅनशी या पद्धतीचे नाते आहे, पण इथले काम फार अवघड. तिथे किरण कुठून सोडायचा ते आपण ठरवतो. भूकंप कुठे व्हावा हे कोणी ठरवत नाही, त्याची नेमकी जागा आणि वेळही गणितातूनच काढावी लागते. शिवाय लहरी वाकत जातात आणि महासागरांत यंत्रे अगदी विरळ. म्हणून संशोधक आधी संगणकाला चौकटी-चौकटींची खोटी पृथ्वी देतात आणि ती परत ओळखता येते का, ते पाहतात. चौकटी पुसट झाल्या, तर त्या भागातल्या खऱ्या चित्रावरही भिस्त ठेवता येत नाही. रंगीत नकाशाला भुलण्याआधी ही चाचणी पाहायलाच हवी.

2005 मध्ये निकोलाय शापिरो आणि सहकाऱ्यांनी आणखी एक टाकाऊ गोष्ट कामाला लावली. समुद्राच्या लाटांमुळे जमीन सतत सूक्ष्म थरथरते; भूकंपाच्या नोंदीत तो नुसता गोंगाट. दोन केंद्रांवरचा हा गोंगाट दीर्घकाळ एकमेकांशी ताडून पाहिला, की एका केंद्रापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी लहर त्यातून उलगडते. कॅलिफोर्नियाच्या कवचाचे बारीक चित्र त्यांनी असे मिळवले, भूकंपाची वाट न पाहता. त्याआधी आल्बेर तारांतोला यांनी 1984 मध्येच लहर पोचल्याच्या पहिल्या क्षणापुरते न थांबता नोंदीतली सगळी वळणे जुळवण्याचे गणित मांडले होते. संगणक पुरेसे ताकदवान झाल्यावर 2009 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी तशा पद्धतीने त्रिमितीय चित्र तयार झाले.

तरीही लहर मुख्यतः वेगच सांगते. ती मंदावली ती उष्णतेने, पाण्याने की खडक बदलल्यामुळे, हे वेगळे तपासावे लागते. 1967 च्या भूकंपाने हादरलेल्या कोयना परिसरात, गोठणे इथे खालचा खडक प्रत्यक्ष तपासता यावा म्हणून 3 किलोमीटर खोल वेधनविवर घेतले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर तिथे ग्रॅनाइटी खडक लागला.