नांदेड लोकसभा पोटनिवडणूक, २०२४

महाराष्ट्रातील एक अत्यंत चुरशीची निवडणूक. जून २०२४ मध्ये काँग्रेसचे वसंतराव चव्हाण भाजपच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांना ५९,४४२ मतांनी हरवून नांदेडचे खासदार झाले. ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. रिक्त जागेसाठी २० नोव्हेंबरला विधानसभेबरोबरच मतदान झाले. काँग्रेसने त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण यांना, तर भाजपने संतुकराव हंबर्डे यांना उमेदवारी दिली. फेब्रुवारीत काँग्रेसमधून भाजपमध्ये गेलेले नांदेडचे नेते, माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचीही प्रतिष्ठा पणाला लागली होती.

२३ नोव्हेंबरच्या मतमोजणीत रवींद्र चव्हाण यांना ५,८६,७८८ आणि हंबर्डे यांना ५,८५,३३१ मते मिळाली. फरक केवळ १,४५७. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा मात्र भाजपप्रणीत महायुतीने जिंकल्या. एकाच केंद्रात दोन मते देताना अनेकांनी दिल्ली आणि मुंबईसाठी वेगळा विचार केला, हे या निकालाचे खरे महत्त्व.

लोहा तालुका नांदेड जिल्ह्यात असला तरी लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत मोडतो. त्यामुळे तेथे त्या दिवशी फक्त विधानसभेचे मतदान झाले आणि जूनमध्ये भाजपतर्फे हरलेले चिखलीकर या वेळी महायुतीतील राष्ट्रवादीतर्फे लढून आमदार झाले.