पितृवंशीय मेळ व त्याचें प्रामाण्य

वंशावळीच्या शोधांत जुन्या कागदांच्या जोडीस आतां डीएनए-परीक्षा हें नवें साधन आलें आहे. पुरुषाचें ‘वाय’ गुणसूत्र पित्याकडून पुत्रास जवळजवळ अविकृत मिळतें. क्वचित् एखाद्या स्थानीं फरक पडतो. म्हणून दोन पुरुषांचीं हीं गुणसूत्रें जुळलीं असतां त्यांचा पितृवंश एक, असें अनुमान निघतें. समान पूर्वज नेमका कोण, हें मात्र त्यावरून ठरत नाहीं. या साधनाची शक्ति व मर्यादा अमेरिकेंतील जेफर्सन-प्रकरणावरून चांगली कळते.

तेथील तिसरा अध्यक्ष टॉमस जेफर्सन याजपासून त्याच्या मालकीची गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिला अपत्यें झालीं, असा प्रवाद १८०२ सालीं छापून आला. टॉमसचीं नातवंडें हें पितृत्व त्याच्या भाच्यांवर, म्हणजे कार बंधूंवर, घालीत. टॉमसचा औरस पुरुषवंश खुंटला होता. यास्तव १९९८ सालीं त्याचा चुलता फील्ड याच्या पुरुषवंशजांचीं गुणसूत्रें तपासलीं. सॅलीचा कनिष्ठ पुत्र एस्टन (जन्म १८०८) याच्या वंशजाशीं तीं जुळलीं; कार घराण्याशीं जुळलीं नाहींत. एस्टनपुरती नातवंडांची कैफियत फोल ठरली.

तथापि टॉमसच पिता, हें येवढ्यानें सिद्ध होत नाहीं. त्याचा भाऊ रँडॉल्फ व पुतणे यांचा पितृवंशही तोच. न्यायाच्या परिभाषेंत हा हेतु अनैकांतिक होय. येथें निर्णय कागदांनीं दिला. सॅलीच्या ज्ञात अपत्यांच्या गर्भधारणेच्या काळीं टॉमस माँटिसेलो येथेंच होता, असें नोंदींवरून दिसतें. आणि एस्टनचा भाऊ मॅडिसन यानें १८७३ सालीं छापलेल्या जबानींत टॉमस हाच आपला पिता, असें सांगितलें होतें. गुलामाची म्हणून दीर्घकाळ उपेक्षिलेली ती जबानी अखेर बहुतेक इतिहासकारांनीं मान्य केली.

आपल्या घराण्यांविषयीं दत्तविधानाचा विचार अवश्य केला पाहिजे. दत्तकास गोत्र घेणाऱ्याचें मिळतें, गुणसूत्र जनकाचेंच राहतें. दत्तक परकुळांतला असेल तर वंशावळ खरी असूनही मेळ तुटतो. भाऊबंदांतला असेल तर मेळ टिकतो व दत्तविधान झांकलें जातें. बडोद्याच्या गादीवर १८७५ सालीं दत्तक आलेले सयाजीराव कवळाण्याच्या गायकवाडांपैकींच होते. म्हणून मेळ न बसल्यास वंशावळ बनावट किंवा एखाद्या कुलस्त्रीचें शील सदोष, असें म्हणण्यापूर्वीं दप्तरांत दत्तकपत्र शोधावें; आणि मेळ बसला तरीही शोधावें.