'लॅचेस' आणि सुप्याचे रोखे

मी वकील नाही; जुने निकाल चाळताना 'लॅचेस' या शब्दाशी अडलो. हक्क असूनही वेळेत दाद न मागण्याची हयगय, असा त्याचा अर्थ. लॅटिन 'लॅक्सस' म्हणजे सैल. त्यावरून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजांच्या कोर्टात आला. आपली 'ढिलाई' याच वळणाची.

१८५९च्या मुदतीच्या कायद्यामागेही हाच विचार होता, जरी कायदेपंडित दोहोंत फरक करतात. साध्या रोख्यावर दावा लावायला सावकाराला तीनच वर्षे मिळाली. व्याज साचत राहू नये, हा हेतू. घडले उलटेच. मुदत भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात चढे आणि निरक्षर कूळ खाली निशाणी करी. ढिलाई करू नये सावकाराने, भुर्दंड मात्र कुळाला!

१२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडून वह्या आणि रोखे मागितले ते या पार्श्वभूमीवर. धान्याची दुकाने लुटली गेली, हे खरेच. पण मुख्य रोख कागद जाळण्यावर होता. पुढे १८७९च्या कायद्याने रोख्यामागचा सगळा हिशेब पहिल्यापासून तपासण्याचे काम न्यायाधीशावर टाकले.